शाकारणी

पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर उतरवून, चाळून पुन्हा रचण्याच्या कामाला कोकणात आणि साष्टी बेटावर शाकारणी म्हणतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही आजची उपनगरे याच साष्टीच्या भूमीवर वसली आहेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला जातो. तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. त्यामुळे घराला वरून सरींचा आणि बाजूने झडीचा असा दुहेरी मारा सोसावा लागतो. शाकारणीत छपराबरोबर वाऱ्याकडची भिंतही धरली जाई, ती यामुळेच.

साष्टीतल्या कोळी, आगरी, कुणबी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत गरिबाचे छप्पर भाताच्या पेंढ्याचे किंवा माडा-ताडाच्या झावळ्यांचे असे. ज्याला थोडेफार परवडे त्याच्या घरावर कुंभाराकडचे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौले येत. नळ्याला खाच नसते. एक उताणा आणि त्यावर एक पालथा, इतकीच त्याची रचना. मांजर धावले, माकड बसले किंवा नारळ पडला की ओळ सरकते, आणि सरकलेल्या ओळीतून पहिल्याच सरीला पाणी आत येते. म्हणून वैशाखात सगळे छप्पर उतरवायचे, फुटके नळे बाजूला काढायचे, वाळवीने खाल्लेला वासा किंवा रीप बदलायची आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत नळे पुन्हा मांडायचे. पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप बांधून झड अडवायची.

हे काम शिकवण्यासाठी शाळा नव्हती, पण शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पोर आधी जमिनीवर उभे राहून नळे वर देई. त्यातच त्याला चांगला भाजलेला नळा कोणता आणि कच्चा कोणता हे कळे, कारण बोटाने टिचकी मारल्यावर दोघांचा आवाज वेगळा येतो. पुढच्या वर्षी ते शिडीच्या मध्यावर चढे. छपरावर जायची परवानगी मिळे ती पाय कौलावर न ठेवता खालच्या वाशाच्या अंदाजाने ठेवता येऊ लागल्यावर. शेजाऱ्याचे छप्पर शाकारायला जाणे हा परतफेडीचा व्यवहार होता. त्यामुळे एका मुलाच्या हाताखालून एका मोसमात चार-पाच छपरे जात. विधवेच्या किंवा म्हाताऱ्याच्या घराचे कामही याच हिशेबात बसे.

मंगळुरी कौलाने या विद्येतला दरवर्षी छप्पर उतरवून रचण्याचा भाग कालबाह्य केला. बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कारागिरांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी सपाट कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर पसरली. अशी कौले सहज सरकत नाहीत, म्हणून दरवर्षी उतरवावी लागत नाहीत. मात्र रिपांमधले अंतर काटेकोर लागते. ते चुकले की एकही कौल बसत नाही. शाकारणी कुटुंबाच्या हातून सुताराच्या हाती गेली ती इथे. गावठाणांतल्या जुन्या घरांवर ही कौले अजून दिसतात.

१८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली, १८६० च्या दशकात दुसरा लोहमार्ग वसई खाडी ओलांडून आला, आणि भातखाचरांच्या जागी हळूहळू चाळी उभ्या राहू लागल्या. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपरचा पट्टा मुंबई महापालिकेत आला. १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंडही आले. घाटकोपर ते मुलुंड रस्त्यावर कारखान्यांची रांग लागली. कामगार आले, त्यांच्या बैठ्या चाळी टेकड्यांच्या उतारांवर चढल्या आणि छपरावर आला सिमेंटचा पत्रा. तो बनवणारा एक मोठा कारखाना मुलुंडमध्येच होता. या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून आत गेले तर फुप्फुसे कडक होतात, आणि हा रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागू शकतात. स्वस्त छपराची ही किंमत छपराखाली राहणाऱ्यापेक्षा पत्रा बनवणाऱ्या आणि कापणाऱ्या माणसाने अधिक मोजली.

पत्रा चढवणे दिसते तितके सोपे नाही. भोक पाडायचे ते पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी तिथूनच वाहते. वरचा पत्रा खालच्यावर किमान वीतभर चढवायचा. बाजूच्या जोडाचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवायचे, म्हणून पत्रे लावायला सुरुवात वाऱ्यापलीकडच्या टोकापासून करायची. हुक आवळताना वायसर घट्ट बसला पाहिजे, पण पत्रा तडकता कामा नये. राहिलेल्या फटीला डांबर. हे नियम वस्तीतला पत्रेवाला आपल्या हाताखालच्या पोऱ्याला सांगत असे, आणि बहुतेक वेळा चूक झाल्यानंतरच सांगत असे.

उपनगरांतल्या गळक्या छपरांचा इतिहास कायद्याशीही जोडलेला आहे. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले गेले. हा उपकर शहरापुरता होता. माहीम आणि शीवच्या पलीकडे तो लागू नव्हता, म्हणून उपनगरांतल्या चाळी घरमालकाच्या मर्जीवर राहिल्या. भाडे गोठलेले असल्याने मालकाला छपरात रस नव्हता. झोपडपट्टीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे घर पाडले जाण्याचीच भीती असल्याने कोणी पक्के छप्पर घालत नसे. १९७१ चा झोपडपट्टी कायदा आला, १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची गणना झाली, फोटोपास, म्हणजे छायाचित्र असलेली ओळखपत्रे मिळाली, आणि त्यानंतर तट्ट्या-बारदानाच्या जागी विटा दिसू लागल्या. घर किती टिकाऊ बांधायचे हे पावसापेक्षा कागदाने अधिक ठरवले, असे म्हणायला हरकत नाही.

छपराचे काम शाळेत आले नाही, पण तंत्रशिक्षणाची संस्थात्मक परंपरा मुंबईत जुनी आहे. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ मध्ये निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय सुरू झाल्या. पुढे अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड इथेही त्या आल्या. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. या संस्थांनी उपनगरांच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन पुरवले. पण त्यांचा रोख यंत्रशाळेकडे होता. विद्यार्थी लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणी, परीक्षक तो मापून गुण देई आणि तुकडा भंगारात जाई. ज्या घरातून तो मुलगा येई त्या घराचा पत्रा मात्र जून महिन्यात गळतच असे.

गरिबाचे घर हवामानापासून राखण्याचे काम आणि तरुणांचे शिक्षण यांची सांगड अमेरिकेत १९७० च्या दशकात घातली गेली. तेलटंचाईनंतर १९७६ मध्ये गरीब कुटुंबांच्या घरांच्या फटी बुजवण्याची सरकारी योजना निघाली. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये तरुण मुलांनी पडक्या इमारती दुरुस्त करत बांधकाम शिकायला सुरुवात केली. त्यांचा शत्रू थंडी होता, म्हणून घर हवाबंद करायचे. साष्टीत उलटे आहे. पाणी अडवायचे, पण वारा अडवला तर घरात कोंडमारा होतो. त्यामुळे तंत्र उसने आणून भागणारे नव्हते. शिक्षणाची रीत मात्र आणता आली असती, आणि महाराष्ट्रात ती तशीच, स्वतंत्रपणे उभी राहिली.

तिचा धागा उपनगरातूनच निघतो. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतली, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर अंधेरीच्या हिंदुस्थान लिव्हर संशोधन केंद्रात अनेक वर्षे काढली. प्रयोगशाळेतली नोकरी मुदतीआधी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा त्याला आधार होता. पाबळ निवडण्याचे कारण त्याची प्रतिकूलता. गाव अवर्षणग्रस्त, मोठ्या उद्योगापासून दूर, सरकारी मदतीच्या मोठ्या प्रकल्पाबाहेरचे. इथे जमले तर कुठेही जमेल, हा हिशेब.

कलबागांचे म्हणणे साधे होते. हाताने काम करताना शिकणे ही माणसाची नैसर्गिक रीत आहे आणि शाळेने ती मोडली. म्हणून गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कामाला द्यावा, अशी योजना झाली. कामाची चार क्षेत्रे ठरली: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुले वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग, गवंडीकाम शिकत, पण नमुन्याचा तुकडा करून नाही. गावातल्या कोणाचे तरी गेट, कोणाची टाकी, कोणाचा गोठा हेच त्यांचे गृहपाठ. गिऱ्हाईक खरे असल्याने मापात चूक झाली तर ते काम घेत नसे, आणि घेतले तर पैसे देई. अंदाजपत्रक काढणे हा त्यामुळे गणिताचाच धडा झाला. शालेय शिक्षण मंडळाने ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या नावाने हा विषय माध्यमिक शाळांसाठी मान्य केला. शाळा सुटलेल्यांसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रमही आश्रमात चालतो.

विद्यार्थ्यांच्या बांधकामांत सर्वांत गाजला तो पाबळचा घुमट. लोखंडी सळ्या किंवा अँगलचे त्रिकोण जोडून अर्धगोल सांगाडा करायचा, त्यावर कोंबडीजाळी ताणायची आणि सिमेंटचा पातळ गिलावा चढवायचा. ही त्रिकोणी रचना अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी जगभर लोकप्रिय केली. १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी केलेला पहिला प्रयत्न उभाच राहिला नाही, दुसऱ्या वर्षी जमला. पाबळची भर अशी की दहावीपर्यंतही न पोचलेला मुलगा हा घुमट उभा करू शकतो. सगळे तुकडे दोन-तीन ठराविक लांबीचे असतात. लांबी अचूक कापली तर बोल्ट आपोआप जुळतात, चूक असेल तर शेवटचा त्रिकोण बसत नाही. परीक्षकाची गरजच उरत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या भागात घरांवर माळवद असे: लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते घर थंड राही. पण पावसाआधी गळती थांबवायला दरवर्षी वर पांढरी माती टाकली जाई आणि थर पिढ्यान्‌पिढ्या चढत जाई. हीही शाकारणीच म्हणायची, आणि तिनेच वाढवलेले ओझे त्या पहाटे दगडमातीच्या भिंतींसकट झोपलेल्या माणसांवर आले. त्यानंतर हलक्या छपराला अर्थ आला. पाबळचे घुमट भूकंपग्रस्त भागात पोचले. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तर सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटी झाली. ती मालकांनी स्वतः करून घ्यायची असल्याने गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि गावोगावच्या स्त्रियांना देखरेख शिकवली गेली. घुमटाला मात्र खेड्यात मर्यादितच जागा मिळाली. गोल घरात कपाट भिंतीला लागत नाही, आणि गोल भिंतीला पुढे खोली जोडता येत नाही.

उपनगरांत काम करत शिकण्याच्या या रीतीच्या सर्वांत जवळ गेली ती घर स्वतः बांधण्याची योजना. १९८५ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर चारकोप, गोराई, मालवणी इथे अल्प उत्पन्न गटाला छोटे भूखंड, पाणी आणि मलनिस्सारण मिळाले. घर ज्याचे त्याने सवडीने उभारायचे. झोपडपट्ट्यांत सुधारणेसाठी भाडेपट्टे आणि घरदुरुस्तीची कर्जेही देण्यात आली. चारकोपमध्ये एका गल्लीत तीन टप्प्यांतली घरे शेजारी शेजारी दिसत: पत्र्याचे, विटांवर पत्रा असलेले आणि स्लॅब पडलेले. शेजाऱ्याच्या स्लॅबला पाणी मारायला गेलेला मुलगा आपल्या घराच्या वेळी काय करायचे ते शिकून येई. कोणताही अभ्यासक्रम नसताना जुनी परतफेड इथे पुन्हा सुरू झाली.

१९९५ नंतरच्या पुनर्वसन योजनेने झोपडीच्या बदल्यात मोफत सदनिका देऊ केली आणि छप्पर हा एका घराचा प्रश्न राहिला नाही. वरच्या मजल्याच्या गळतीवर आता सोसायटी कंत्राटदार बोलावते. पुनर्वसनाची वाट पाहणाऱ्या वस्त्यांत मे महिन्यात निळ्या ताडपत्र्या अजून चढतात. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर टायर, विटा, दोऱ्या ठेवतात. नवी अडचण उन्हाची आहे. पातळ लोखंडी पत्रा तापला की घर भट्टी होते, आणि २०२२ च्या मुंबई हवामान कृती आराखड्यानेही पत्र्याच्या वस्त्यांतल्या वाढीव तापमानाची नोंद घेतली आहे. पत्र्याला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग दिल्यास तो कमी तापतो, मात्र गुळगुळीत लोखंडावर चुना फार टिकत नाही आणि पहिल्या सरीत बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो.