भिंतीवरील स्पीकर (घरगुती बांधणी)

भिंतीवरील स्पीकर म्हणजे मेजावर किंवा जमिनीवर न ठेवता, पाठ भिंतीला टेकेल अशा रीतीने टांगलेला ध्वनिवर्धक होय. घरातील अभ्यासाच्या किंवा कामाच्या मेजासाठी असा जोड थोड्या खर्चात घरी बांधता येतो. यामुळे मेजावरील जागा मोकळी राहते आणि मागच्या भिंतीमुळे लहान स्पीकरचा खर्जही भरीव ऐकू येतो. रत्नागिरीसारख्या किनारी भागात मात्र पेटीचे लाकूड, ड्रायव्हरची कड आणि भिंतीतील पकड यांची निवड दमट हवा व जांभा दगड लक्षात घेऊन करावी लागते.

== इतिहास ==
चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा आधुनिक स्पीकर चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज मिळवला. पुढे नेव्हिल थीएल (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० चे दशक) यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या कामामुळे पेटीचे आकारमान अंदाजाऐवजी गणिताने ठरवणे शक्य झाले. घरगुती बांधणी आजही याच गणितावर आधारलेली आहे.

== तत्त्व ==
उच्च स्वर स्पीकरच्या समोर जातात, तर खर्ज स्वर सर्व दिशांना पसरतात. स्पीकर भिंतीला लागून असल्यास मागे गेलेला खर्ज परतून पुढच्या ध्वनीत मिसळतो. त्यामुळे खर्जाची पातळी तत्त्वतः ६ डेसिबलपर्यंत वाढते.

स्पीकर भिंतीपासून दूर असेल, तर परतणारा ध्वनी काही कंप्रतांना मूळ ध्वनीच्या विरुद्ध येऊन त्याला क्षीण करतो. ड्रायव्हर व भिंत यांतील अंतर तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतके असताना हा परिणाम प्रथम दिसतो. अंतर ५० सेंमी असल्यास ही कंप्रता सुमारे १७० हर्ट्झ, म्हणजे पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात येते. १० सेंमी असल्यास ती सुमारे ८६० हर्ट्झवर जाते. इतक्या उंच कंप्रतेला ध्वनी बहुतांशी समोर जात असल्याने परिणाम सौम्य राहतो. म्हणून पेटी उथळ ठेवतात.

== पेटीचे आकारमान ==
कमी खर्चाच्या बांधणीत प्रत्येक पेटीत सुमारे ३ इंची एकच 'फुल रेंज' ड्रायव्हर वापरतात. खर्ज व उच्च स्वर वेगळे करणारे क्रॉसओव्हर मंडल लागत नाही आणि खर्चाची मोठी बचत होते.

ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातील दोन आकडे महत्त्वाचे असतात: त्याचा एकूण क्यू गुणांक आणि त्याच्या लवचिकतेशी तुल्य असलेले हवेचे घनफळ. बंद पेटीसाठी ०.७०७ हा संतुलित गुणांक मानल्यास सूत्र असे होते:

पेटीचे घनफळ = तुल्य घनफळ ÷ [(०.७०७ ÷ क्यू)² − १]

उदाहरणार्थ, क्यू ०.५ आणि तुल्य घनफळ २ लिटर असल्यास पेटी सुमारे २ लिटरची येते. आतून २० × १२.५ × ८ सेंमी मापाची पेटी तेवढ्या घनफळाची असते. ड्रायव्हरने व्यापलेली जागा त्यात वेगळी धरावी लागते. जुन्या दूरचित्रवाणी संचातून काढलेल्या स्पीकरचे आकडे सहसा उपलब्ध नसतात. तेव्हा आधी टाकाऊ खोक्यात बसवून ऐकणे सोयीचे ठरते.

छिद्र ठेवलेल्या पेटीपेक्षा बंद पेटी येथे अधिक योग्य असते. मागचे छिद्र भिंतीने अडते. शिवाय कोणत्याही उघड्या छिद्रात झुरळे शिरतात किंवा कुंभारीण मातीचे घर बांधते.

== साहित्य आणि हवामान ==
रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत साधा एमडीएफ कडांपासून फुगतो. त्याऐवजी १२ मिमी जाडीचे, आयएस ७१० मानकाचे मरीन प्लायवूड टिकाऊ ठरते. सुताराकडील उरलेले तुकडेही पुरतात. कापलेल्या कडांना आतून-बाहेरून रंग किंवा व्हार्निश लावतात. स्थानिक फणसाचे लाकूड वापरायचे असल्यास ते पूर्ण वाळलेले हवे, अन्यथा पेटी उकलते.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा घुमावा यासाठी निवडला जातो. स्पीकरच्या पेटीचे काम नेमके उलट असते. ती स्वतः घुमू नये म्हणून सांधे गोंदाने हवाबंद करतात आणि आत कापूस किंवा पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरतात.

ड्रायव्हरच्या पडद्याभोवतीची कड रबराची असावी. फोमची कड उष्ण व दमट हवेत लवकर कुजते. खाऱ्या हवेमुळे साधे लोखंडी स्क्रू गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरतात.

== जांभ्याच्या भिंतीवरील जोडणी ==
कोकणातील अनेक घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभा सच्छिद्र असून त्याची कठीणता एकाच चिऱ्यात बदलते. हातोडा-ड्रिलने भोक पाडल्यास कडा ढासळून प्लग सैल राहतो आणि मेजावर बसलेल्या व्यक्तीवर पेटी पडण्याचा धोका उद्भवतो. म्हणून आघात बंद ठेवून ड्रिल करतात, लांब प्लग गिलाव्याच्या पलीकडे चिऱ्यात जाईल असे पाहतात आणि भार एका खिळ्यावर न देता लाकडी पट्टीवर दोन-तीन ठिकाणी विभागतात. पट्टीची वरची कड ४५ अंशांत कापून तिच्यावर पेटीची तशीच कापलेली पट्टी अडकवता येते. पेटी टांगण्यापूर्वी पट्टीला तिच्या काही पट वजन लटकवून पकड तपासतात.

भिंत शेजाऱ्याशी सामाईक असल्यास मध्ये रबराचे तुकडे ठेवतात. त्यामुळे भिंतीत उतरणारी कंपने कमी होतात.

== विद्युत जोडणी ==
टीपीए ३११६ सारख्या चिपवरील लहान डी-वर्ग ॲम्प्लिफायर जुन्या लॅपटॉपच्या सुमारे १९ व्होल्ट अडॅप्टरवर चालू शकतो. मात्र त्याच्या पट्टीवरील कमाल विद्युतदाब आधी पाहावा लागतो. घरगुती २३० व्होल्टची तार पेटीत नेत नाहीत.

दोन्ही स्पीकरची ध्रुवता सारखी असणे आवश्यक असते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडल्यावर पडदा पुढे सरकला, तर सेलच्या धन टोकाला जोडलेले टोक धन समजतात. एक स्पीकर उलटा जोडला गेल्यास खर्ज जवळजवळ नाहीसा होतो.

== मांडणी ==
दोन स्पीकर व श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, अशी मांडणी करतात. बसलेल्या प्रौढाचे कान जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंमी उंचीवर असतात. ड्रायव्हरचा मध्य त्याच पातळीवर ठेवतात. पेटी अधिक उंच बसवावी लागल्यास ती किंचित खाली झुकवतात. खोलीच्या कोपऱ्यात खर्ज अवाजवी फुगतो, म्हणून कोपरा टाळतात.

== मर्यादा ==
लहान पेटीतून अतिखर्ज मिळत नाही. पखवाजाचा धुमा किंवा ढोलाचा ठोका मूळच्या वजनाने उमटत नाही, आणि ॲम्प्लिफायरवर खर्ज वाढवल्यास पडदा मर्यादेबाहेर हलून आवाज फाटतो. बोलणे, बातम्या, भावगीते व अभ्यासाची व्याख्याने यांसाठी मात्र ही रचना पुरेशी ठरते.

== हेही पहा ==
* ध्वनिवर्धक
* ध्वनिशास्त्र
* जांभा