नोव्हेना संपल्यानंतर

बेल्जियमच्या उत्तरेस, अँटवर्प शहरापासून पूर्वेकडे काही अंतरावर केंपन नावाचा रेताड प्रदेश आहे. त्या प्रदेशातील गील हे गाव मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिचे क्षेत्र म्हणून युरोपभर प्रसिद्ध आहे. डिम्फना ही सातव्या शतकातील आयर्लंडच्या एका राजाची कन्या, असे आख्यायिका सांगते. राणीच्या निधनानंतर राजाचे चित्त भ्रमले आणि आईसारख्या दिसणाऱ्या स्वतःच्या मुलीशीच विवाह करण्याचा हट्ट त्याने धरला. गेरेबर्नस नावाच्या वृद्ध धर्मगुरूसह ती समुद्र ओलांडून गीलला आली. पाठलाग करीत आलेल्या पित्याने तेथेच तिचा शिरच्छेद केला.

ही कथा लेखनिविष्ट झाली ती तेराव्या शतकात, घटनेनंतर सहाएकशे वर्षांनी, आणि तीही लोकांच्या तोंडून ऐकलेल्या माहितीवरून. कन्येची अभिलाषा धरणारा राजा युरोपच्या लोककथांतून इतरत्रही भेटतो. तेव्हा इतिहास म्हणून या आख्यायिकेवर फार भार टाकता येणार नाही. मात्र तिच्यामुळे त्या गावात पुढे जे घडले, त्याला भक्कम आधार आहे.

संत डिम्फनेच्या नावाच्या विद्यमान चर्चचे बांधकाम १३४९ मध्ये सुरू झाले. पंधराव्या शतकात त्याला लागूनच रुग्णांसाठी निवास उभा राहिला. दूरदूरच्या प्रांतांतून आणलेला मनोरुग्ण तेथे नऊ दिवस राही, प्रार्थना चाले, संतेच्या अवशेषांच्या पेटिकेखालून गुडघ्यांवर सरकत जाण्याचा विधी होई. आपणही नोव्हेनांची माणसे आहोत. नऊ दिवसांच्या भक्तीत केवढी आशा साठलेली असते हे वाचकांना सांगायला नको. पण दहाव्या दिवशी काय? आजार तसाच असला तर पुन्हा नोव्हेना. निवासातील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा चर्चच्या धर्मगुरूंनी या यात्रेकरूंची सोय गावातील शेतकऱ्यांच्या घरी लावली. कित्येकांचे नातलग परतले, रुग्ण मागे राहिला. महिन्यांची वर्षे झाली. जे बरे झाले ते निघून गेले. गीलचा इतिहास घडवला तो बरे न झालेल्यांनी.

फ्रेंच क्रांतीच्या लाटेत त्या भागातील धर्ममंदिरांना टाळे लागले, तरी घरांची दारे उघडीच राहिली. १८०३ मध्ये तर ब्रुसेल्समधील मनोरुग्णांना तेथील कोंदट इस्पितळातून काढून सरकारी आदेशानेच गीलला पाठवण्यात आले. १८२१ मध्ये नामवंत फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल गाव पाहून गेले. १८५० च्या कायद्यानंतर शासनाने व्यवस्था हाती घेतली आणि १८६२ मध्ये छोटे रुग्णालय सुरू झाले. नव्या रुग्णाला आधी तेथे पारखून घेत, मग योग्य घर निवडत, आणि प्रकृती बिघडली की काही दिवस परत आणत. चित्रकार व्हॅन गॉग यालाही गीलला ठेवावे, असे १८८० च्या सुमारास त्याच्या वडिलांच्या मनात होते.

हे सारे निव्वळ भूतदयेतून झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जमीन नापीक, रोकड दुर्मीळ. पाहुण्यापोटी मिळणारी रक्कम आणि शेतावरचे त्याचे दोन हात कुटुंबाला हवेच होते. जुन्या काळी काही रुग्णांच्या पायांत बेड्याही असत. तथापि गावाने काही रीती जपल्या. घरी आलेल्याला रुग्ण न म्हणता ‘बिऱ्हाडकरू’ अशा अर्थाच्या शब्दाने संबोधावे. त्याच्या आजाराचे वैद्यकीय नाव कुटुंबाला सांगू नये. १९३८ मध्ये अशांची संख्या ३,७३६ होती, आणि गावची वस्ती सोळा हजारांच्या आसपास. घरधनीण वृद्ध झाली की बिऱ्हाडकरू तिच्या मुलाकडे वा मुलीकडे जाई. आज शेती कमी झाली, पतिपत्नी दोघेही नोकरीला, औषधोपचारही बदलले. संख्या दोनशेच्या खाली आली आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची जतनयोग्य आदर्श म्हणून नोंद केली.

गील जे नकळत शिकले ते इतरांना महागात शिकावे लागले. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. नवी औषधे आली, १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी समाजाधारित उपचारांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि रुग्णालये रिकामी होत गेली. मात्र जी पर्यायी सोय उभी राहायची, ती पुरेशी राहिलीच नाही. अनेक माणसे पदपथांवर आली, अनेक तुरुंगात गेली. निवारा मागणाऱ्याला अट असे: आधी व्यसन सोड, औषधे घे, शिस्त दाखव, मग घर. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी हा क्रम उलटा केला. आधी भाडेकराराचे स्वतःचे घर, कायमचे. उपचार करणारी मंडळी त्याच्या दारी येतील. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतील दोन हजारांहून अधिक बेघरांवर हा प्रयोग तपासला. अखेरच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले, या पद्धतीत शंभरांत ६२ होते आणि नेहमीच्या पद्धतीत ३१. आजाराच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. टीकाकार हे वैगुण्य मानतात. मला वाटते, गीलच्या शेतकऱ्याला त्याचे नवल वाटले नसते. बिऱ्हाडकरूने बरे व्हावे, अशी अट त्याने कधी घातलीच नव्हती.

श्रद्धास्थानाजवळ रुग्णांना ठेवण्याची प्रथा आपल्या देशातही आहे, आणि तिचे भीषण रूपही आपण पाहिले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. तेथेही आशेने आणलेली आणि मागे सोडलेली माणसे होती. फक्त त्यांना घर मिळाले नाही, खांब मिळाला. त्याच राज्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेने २०१५ पासून दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या स्त्रियांना साध्या वस्तीतील भाड्याच्या घरांत, चार-पाचजणींच्या गटाने, मदतनीसासह राहण्याची सोय केली आहे.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. प्रकृती सुधारूनही, न्यायला कोणी न आल्याने तेथे राहिलेली माणसे आहेत. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही वा राहायला घर नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १९ वे कलम सांगते. अशांसाठी समाजात राहण्याच्या सोयी सरकारने उभाराव्यात, हेही त्याच कलमात आहे.