सतीश आळेकर : वारसा आणि अध्यापन

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार पुष्कळ आहेत. नाट्यशिक्षकही, संख्येने कमी असले तरी, आहेत. या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, आणि त्यांतील एकीने दुसरीला झाकोळले नाही, असे उदाहरण मात्र विरळाच. सतीश आळेकर हे असे उदाहरण होय.

३० जानेवारी १९४९ रोजी दिल्लीत जन्मलेले आळेकर वाढले पुण्यात. पुणे विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांनी जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाचे काम केले. त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. आळेकर या निर्मितीत जब्बार पटेल यांचे सहायक होते. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले आणि बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' स्थापली. या संस्थेच्या जडणघडणीतच आळेकरांतील नाटककार आकाराला आला.

'महानिर्वाण' (१९७४) हे त्या काळाचे सर्वांत धीट अपत्य. चाळीतले भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात. जुने स्मशान बंद होऊ घातले आहे. आपले दहन मात्र तिथेच व्हावे, असा हट्ट ते मुलापुढे धरतात. कीर्तनाचा पूर्वरंग, आख्यान, अभंगाची चाल हे सारे साहित्य परंपरेने पवित्र मानलेले. आळेकरांनी ते मध्यमवर्गीय ढोंगाच्या उत्तरक्रियेसाठी वापरले. येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. ही परंपरेची टवाळी आहे, असे म्हटले जाते. वस्तुतः ज्याला कीर्तनाचा ताल अंगी मुरलेला नाही, त्याला त्याचे असे विडंबन साधणारच नाही. या नाटकातील हसू हे घरच्या माणसाचे हसू आहे.

'बेगम बर्वे' (१९७९) मध्ये हा वारशाचा प्रश्न अधिक करुण होतो. संगीत नाटकाच्या वैभवकाळातील एक उपेक्षित स्त्रीपार्टी नट बर्वे, त्याला राबवून घेणारा उदबत्तीवाला श्यामराव, आणि कचेरीतील नलावडेबाईंचे स्वप्न पाहणारे जावडेकर व त्यांचे सोबती बावडेकर हे दोन कारकून. बर्वेचे स्वप्न आणि कारकुनांचे स्वप्न एकमेकांत मिसळते. बर्वेच नलावडेबाई होतो. नाट्यपदे येथे स्मरणरंजनासाठी येत नाहीत. उपाशी माणसाचे ते अन्न आहे. म्हणूनच स्वप्नभंगाचा क्षण क्रूर वाटतो. अमाल अल्लाना यांच्या हिंदी प्रयोगात मनोहर सिंग यांनी ही भूमिका केली, तेव्हा बालगंधर्वांच्या युगाशी नाते नसलेल्या प्रेक्षकालाही ती वेदना कळली.

मेलेली परंपरा पुढच्या पिढीने कशी वागवावी, हा या दोन्ही नाटकांचा प्रश्न. आळेकरांचे अध्यापन हे त्याचे दुसऱ्या मार्गाने शोधलेले उत्तर आहे, असे मला वाटते. १९८५ पासून थिएटर अकॅडमीने राबवलेल्या योजनांतून पुण्यामुंबईबाहेरचे तरुण नाटककार आणि नाट्यसंस्था यांना बळ देण्याचा प्रयत्न झाला. त्यात त्यांचा पुढाकार होता. १९९६ ते २००९ या काळात ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच आवारात शिकवणाऱ्या या केंद्रात, कलेची तालीम आणि विद्यापीठीय शिस्त यांचा मेळ घालणे हे त्यांच्यापुढचे काम होते. परीक्षा, हजेरी आणि गुणपत्रिका यांच्या चौकटीत नट घडवणे सोपे नसते.

या काळात लेखन विरळ झाले, ही हानी नाकारता येणार नाही. 'पिढीजात' २००३ मध्ये आले, 'एक दिवस मठाकडे' २०१२ मध्ये. परंतु १९९४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ ची पद्मश्री यांपलीकडचा हिशेब मांडताना संहितांसोबत विद्यार्थीही मोजावे लागतील. भाऊरावांनी मुलाकडे मागितले होते ते केवळ दहन. आळेकरांनी पुढच्या पिढीच्या हाती तालीम दिली.