रस्त्याचा हक

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारला अर्धा-पाऊण तास उरला होता. असरची नमाज पढून अब्बा खजुराची पिशवी हातात घेऊन फुटपाथवरून घरी येत होते. मागून एक शाळकरी मुलगा सायकलवर आला. घंटी वाजली की नाही कोण जाणे, अब्बांना ऐकू कमीच येत होते. हँडलचा धक्का लागला आणि पिशवी फुटून खजूर फुटपाथभर पसरले. मुलगा घाबरून उतरला आणि खजूर वेचू लागला. अब्बांनी विचारले, "बेटा, ये सायकल चलाने की जगा है क्या?" मुलगा रस्त्याकडे बोट दाखवत म्हणाला, "चाचा, रोडपे जगाच कहाँ है?"

अब्बांनी रस्त्याकडे पाहिले. रिक्षा, स्कूटर, मोटारी, टेम्पो. दोन्ही कडांना उभी केलेली वाहने. त्या गर्दीत दहा-बारा वर्षांच्या पोराने सायकल घालावी, असे त्यांनाही म्हणवेना. ते घरी आले आणि इफ्तारनंतर एवढेच म्हणाले, "गलती उसकी थी, लेकिन बात सच्ची बोला."

हे सांगणारा माणूस स्वतः तीस वर्षे पुण्याच्या पूर्व भागातल्या आमच्या पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलने गेला होता. म्हातारपणी तो पायी चालणारा झाला आणि सायकलवाल्याची तक्रार करू लागला. एकाच आयुष्यात माणूस दोन्ही बाजूंना उभा राहतो. म्हणूनच पादचारी आणि सायकलस्वार यांच्या या भांडणाचा इतिहास तपासून पाहावासा वाटतो.

रस्ता सर्वांचा असतो, असे आपण सहज म्हणतो. इतिहास तसे सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात पेशवाईतील पुण्याची नोंद केली आहे. अस्पृश्याच्या पावलांचे ठसे पुसले जावेत म्हणून त्याच्या कमरेला झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके. याच शहरात 1848 साली सावित्रीबाई फुले मुलींना शिकवण्यासाठी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याकडे चालत जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडले. पुढच्याच वर्षी घर सोडावे लागलेल्या या जोडप्याला गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी आसरा दिला, हे या वार्षिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या काळी रस्त्यावर ना मोटार होती ना सायकल. तरीही रस्त्यावरून चालणे ही लढाई होती. चाक येण्याच्या आधीपासून रस्त्याचा खरा प्रश्न वेगाचा नव्हे, तर हक्काचा आहे.

चाक आले ते विलायतेतून. जॉन केम्प स्टार्लीची 'रोव्हर' सायकल 1885 साली आली. मागच्या चाकाला साखळी आणि दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली ही सायकल आजच्या सायकलीची आजीच म्हणायची. 1888 साली डनलॉपने हवेचा टायर केला आणि बसणाऱ्याची हाडे वाचली. नेमक्या याच वर्षी इंग्लंडमधील स्थानिक शासनाच्या कायद्याने सायकलीला 'गाडी' ठरवले. त्यापूर्वीच्या 1835 च्या महामार्ग कायद्याने गाड्यांना पायवाटेवर बंदी होतीच. म्हणजे सायकलीला रस्त्यावर गाडीचा मान मिळाला आणि त्याच कलमाने ती पायवाटेवरून उतरली. जबाबदारीही आली: रात्री दिवा हवा, आणि पादचाऱ्याला ओलांडताना घंटी किंवा शिटी वाजवून सूचना द्यावी. सायकलची घंटी जन्मली ती 'बाजूला हो' म्हणण्यासाठी नव्हे, 'मी येतोय, सांभाळा' म्हणण्यासाठी. हा फरक आपण विसरलो आहोत.

आपल्याकडच्या कायद्यातही ही घडण दिसते. 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) कलम 103 सांगते की, फुटपाथवर कोणतेही जनावर किंवा वाहन चालवू नये, नेऊ नये, सोडू नये. अपवाद एकच, लहान मुलांच्या बाबागाडीचा. कायद्याच्या कोरड्या भाषेत ही एक मायेची जागा आहे.

सुरुवातीला सायकल साहेबाची आणि सधन माणसाची होती. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. 1949 साली मद्रासला टीआय सायकल्सची स्थापना झाली, 1951 साली सोनीपतला अ‍ॅटलस आणि 1956 साली लुधियान्याला हीरोचा कारखाना सुरू झाला. देशी सायकल कामगार, कारकून, शिक्षक, दूधवाला आणि विद्यार्थी यांच्या आवाक्यात आली. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच काळात. शहर आटोपशीर, बरेचसे सपाट, हवा बरी. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे.

आमच्या मोहल्ल्यात ज्यांना स्वतःची सायकल परवडत नसे, त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. सायकलची बरीच दुकाने आमच्याच लोकांची. हातात पाना, बाजूला पाण्याची घमेली, त्यात बुडवलेली ट्यूब आणि निघणाऱ्या बुडबुड्यांकडे लागलेली पोरांची नजर. दांडीखालून पाय घालून अर्धी सायकल शिकलेली आमची पिढी. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट पकडले तर पोलीस अडवत. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्यात एक मान होता. सायकलस्वार हा रस्त्याचा कर भरणारा, नियम लागू असलेला, हक्काचा नागरिक होता.

मग त्या काळी पादचारी आणि सायकलवाले भांडत नव्हते काय? भांडत होते. पेठांतल्या बोळांत धक्के लागत, शिव्या दिल्या जात, कुणाच्या तरी कोपरावर हळद लागे. पण सायकलचा वेग तासाला दहा-पंधरा किलोमीटर, चालणाऱ्याचा चार-पाच. एवढ्या फरकात माणूस माणसाचा चेहरा पाहू शकतो. गर्दी दिसली की सायकलवाला खाली उतरे आणि सायकल हातात धरून चालू लागे. उतरला की तोही पादचारीच. रस्ता अरुंद होता, पण तो वाटून घेतला जाई. बाजाराच्या दिवशी किंवा मोहरमच्या नि गणपतीच्या मिरवणुकीत सायकलवाल्याने उतरून चालायचे, हे कुणी पाटी लावून शिकवले नव्हते.

ही वाटणी मोडली कधी? एक तारीख सांगता येणार नाही, पण पायऱ्या दिसतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबे उठून नव्या वसाहतींत गेली. पिंपरीला 1954 पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स होती. साठच्या दशकात त्या बाजूला मोठे कारखाने आले. घर आणि काम यांच्यातले अंतर वाढले. 1972 साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना बाजारात आली. लूनाला तर पायडलही होते, जणू सायकलवाल्याला समजावत होती की, फार काही बदललेले नाही. पण बदलले होते. अंतर वाढले की वेग हवा, वेग आला की रुंद रस्ता हवा, रस्ता रुंद झाला की वाहने वाढतात. रुंदीसाठी जागा बहुधा फुटपाथातून आणि रस्त्याच्या डाव्या कडेतून गेली. आणि डावी कड हीच तर सायकलची वाट होती.

आमच्या पिढीनेही यात हातभार लावला, हे कबूल केले पाहिजे. पहिला पगार झाला की सायकल विकून स्कूटरचा हप्ता भरणारे आम्हीच. सायकल ही गरिबीची खूण मानून ती लपवणारेही आम्हीच.

एकविसाव्या शतकात सायकल पुन्हा आठवली. डिसेंबर 2005 मध्ये केंद्राची नेहरू शहरी पुनर्निर्माण योजना सुरू झाली. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावे असे म्हटले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी आली आणि तिच्या सोबतीला सायकल मार्ग. कागदावर सारे सुंदर होते. प्रत्यक्षात सायकल मार्ग कुठे विजेच्या खांबाशी थांबे, कुठे दुकानाच्या पायरीशी, कुठे उभ्या दुचाकींच्या रांगेशी. फुटपाथ आणि सायकल मार्ग कित्येक ठिकाणी एकमेकांना चिकटून, मध्ये फक्त फरश्यांचा रंग वेगळा. रंग पाहून कोण चालतो? चालणारा सायकल मार्गावर, सायकलवाला फुटपाथवर आणि मोटारसायकल दोन्हींवर. 2016 साली महापालिकेचे पादचारी धोरण आले. जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त पदपथ झाला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. भाड्याच्या सायकली या वेळी मोबाइलवर आल्या आणि काही वर्षांतच बहुतेक दिसेनाशा झाल्या. 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांविना ठेवून पादचारी दिन साजरा झाला. त्या दिवशी लोक रस्त्याच्या मधोमध चालले. आपल्याच शहरात मधोमध चालण्यासाठी दिवस साजरा करावा लागतो, यातच सारे आले.

अब्बांच्या खजुराच्या पिशवीचा अर्थ इथे लागतो. त्या संध्याकाळी फुटपाथवर भांडणारे दोघेही एकाच घरातून बाहेर काढलेले भाडेकरू होते. एकाला मधल्या खोलीतून काढले, दुसऱ्याला अंगणातून, आणि दोघे ओसरीच्या पट्टीवर जागेसाठी झगडत आहेत. घर कुणाच्या ताब्यात आहे, तिकडे दोघांचेही लक्ष नाही. आकडेच पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 साली देशातल्या रस्ते अपघातांत 32,825 पादचारी आणि 4,836 सायकलस्वार मरण पावले. दोन्ही मिळून दिवसाला शंभरावर माणसे. ती एकमेकांना धडकून मेलेली नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना मोटारवाहनांनी चिरडले.

म्हणून सायकलवाल्याला फुटपाथ मोकळा करून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. म्हातारे, अंध, गरोदर बाई, बोट सोडून पळणारे मूल यांना फुटपाथ ही शेवटची जागा आहे. तीही गेली तर त्यांना घरातच बसावे लागेल. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चांगला फुटपाथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. याच न्यायालयाने 1985 साली ऑल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण फुटपाथ चालण्यासाठी आहे असेही सांगितले. चालणाऱ्याचा हक्क हा असा जुना, पण अमलात न आलेला हक्क आहे. सायकलवाल्याचा हक्कही खराच, पण त्याची वसुली मोटारीकडून व्हायला हवी. ती पादचाऱ्याकडून होऊ नये.

आपल्या परंपरेत या विषयाची शिकवण आहे. रस्त्यात बसणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याचा हक अदा करायला सांगितले: नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या. वाटेतली इजा देणारी वस्तू दूर करणे हा इमानचा भाग मानला. रस्त्याच्या रुंदीवरून तंटा झाला तर सात हात जागा सोडावी असे म्हटले. आणि सलाम आधी कुणी करावा? स्वाराने चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला. जो उंचावर आहे, ज्याच्या हाती वेग आहे, त्याने आधी झुकायचे. वाहतुकीचा याहून सोपा नियम मला माहीत नाही. मोटारवाल्याने सायकलवाल्याला सलाम करावा, सायकलवाल्याने चालणाऱ्याला. मग ती घंटीही धमकी राहत नाही, सलाम होते.

त्या संध्याकाळी मुलाने वेचलेले खजूर अब्बांनी घरी आणले नाहीत. धुऊन खा, म्हणून त्यालाच दिले. मुलगा सायकलवर बसला नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत सायकल हातात धरून अब्बांच्या शेजारून चालत आला. दोघे मिळून फुटपाथची सगळी रुंदी व्यापून चालले होते, आणि त्या वेळी दोघांपैकी कुणालाही जागा कमी पडली नाही.