सुरुवात कुठे?

मोडी कागद वाचायला बसलो की पहिली अडचण शब्द तोडण्याची. आधी आखलेल्या रेघेवर अक्षरे सलग. शब्दांत अंतर नाही. पत्राचा मायना ठरलेला असतो, म्हणून तिथून वाट सापडते. उपग्रह-प्रक्षेपणाचा इतिहास चाळताना मला हीच अडचण पुन्हा भेटली.

मॉड्युलेटरकडे येतो तो नुसता शून्य-एकाचा प्रवाह. एका बिटाची चूक झाली तर एखादे अक्षर बिघडते. पण मोजणीच एका बिटाने सरकली, तर पुढचे सारे बरोबर असूनही निरर्थक ठरते. १९५३ साली आर. एच. बार्कर यांनी यावर खुणेचे अंकक्रम सुचवले. त्यांतला १११००१० एक घर सरकवला, तरी स्वतःशी जुळत नाही.

१९९४च्या डीव्हीबी-एस मानकात १८८ बाइटांच्या प्रत्येक पाकिटाच्या तोंडी ०१०००१११ ही खूण आहे. मॉड्युलेटर दर आठवी खूण उलटी करतो: १०१११०००. पण ०१०००१११ हा आकडा चित्राच्या माहितीतही येऊ शकतो. म्हणून यंत्र पहिल्या भेटीवर विसंबत नाही. बरोबर १८८ बाइटांनी खूण पुन्हा भेटली, आणखी एकदा भेटली, की मगच ते सुरुवात मानते.

मोडीत मीही एका ओळखीच्या अक्षरावर विसंबून अनेकदा फसलो आहे.