काडतुसाचे वंगण

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढची सत्तावीस वर्षे लेथवर गेली. तिथल्या वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "तेल वाहतं, ग्रीस बसतं. कुठं वाहायला पाहिजे नि कुठं बसायला पाहिजे, हे कळलं की अर्धं काम आलं." इतिहासाची गोडी नंतर लागली आणि १८५७ वरची पुस्तके हाताला येईल त्या क्रमाने वाचत गेलो. बहुतेकांत एक वाक्य असतेच : काडतुसांना गाईची नि डुकराची चरबी लावली होती, म्हणून शिपाई बिथरले. हे वाक्य वाचले की माझ्यातला कामगार अडायचा. काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? आणि लावायचीच, तर चरबीच का?

उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. शिपायांच्या हातातली जुनी बंदूक आतून गुळगुळीत होती. नळीचा व्यास पाऊण इंच, गोळीचा त्याहून बराच कमी. गोळी जवळजवळ घरंगळतच खाली जाई, पण नेमही तसाच ढिला. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत नळीला आतून पेचदार खाचा होत्या. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि गोळीचा ०.५६८. म्हणजे फट उरली इंचाच्या नऊ हजारांशाची. बार उडाला की लांबट गोळीचा पोकळ बुडखा फुगून खाचांत बसे आणि गोळी गिरक्या घेत सरळ जाई.

त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळाली की निम्म्याहून अधिक वजनाचा गाळच मागे उरतो. काही धूर होऊन जातो, बाकीचा नळीला किटणासारखा चिकटतो. जुन्या बंदुकीत हे किटण खपून जाई. नऊ हजारांशाच्या फटीत मात्र काही बारांतच गोळी अडते, गज ठोकून ठोकून उतरवावी लागते. वंगण हवे होते ते यासाठी. प्रत्येक नव्या गोळीबरोबर थोडे वंगण आत जावे, किटण मऊ राहावे आणि गोळीने ते पुसत खाली उतरावे.

आता काडतूस. कागदाची गुंडाळी, एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. वंगण गोळीच्या टोकाला बाहेरून लावलेले. शिपायाने दारूचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचे टोक नळीत सारायचे, वरचा कागद फाडून टाकायचा आणि गज मारायचा. म्हणजे दात लागत तो भाग वंगणाचा नव्हता. इंग्रज लेखकांनी या मुद्द्यावर शिपायांना अडाणी ठरवले आहे. मला ते पटत नाही. उन्हात तापलेल्या कमरेच्या पेटीत काडतुसे एकमेकांना खेटून ठेवली, तर वंगण आपल्याच टोकाला थांबेल, असे ज्याने ग्रीसचा डबा उन्हात ठेवून पाहिला आहे तो म्हणणार नाही. शिवाय बोटे होतीच.

वंगण काय असावे, ही अडचण साध्या कारखानी स्वरूपाची होती. नुसते तेल चालत नाही. ते कागदात झिरपते आणि दारू ओली करते. तूप तिशीच्या पुढच्या अंशांतच पातळ होते, म्हणजे वैशाखात त्याचा उपयोग नाही. चरबी त्याहून बरी, पण तीही चाळिशी-पन्नाशीत ढळते. मधमाश्यांचे मेण वितळायला साठाच्या वर अंश लागतात, मात्र ते एकटे कडक पडते. म्हणून मेणात थोडे तेल. आमची आजी टाचांच्या भेगांसाठी मेण आणि खोबरेल कढवून मलम करायची, तेच तत्त्व. इंग्रजांच्या मिश्रणात मेण अगदी थोडे आणि चरबी भरपूर होती. ती चरबी कंत्राटदार पुरवीत. कोणत्या जनावराची, याची खास चौकशी होत नसे. ही कबुली दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्यांच्याच जबान्यांत आहे.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे इथल्या हवेत टिकतात का, हे पाहण्यासाठी विलायतेहून आली, तेव्हाच बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लिहून कळवले होते, की वंगणात आक्षेपार्ह काही नाही अशी खात्री होईपर्यंत ती देशी पलटणींना देऊ नयेत. ते पत्र डिसेंबर १८५३ चे. त्यानंतर शिपायांच्याच पेट्यांत ठेवून काडतुसांची चाचणी झाली. हवामान वंगणाला मानवते का, एवढेच पाहिले गेले.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितले, त्याने नाकारले आणि खलाशाने काडतुसांवरून टोमणा मारला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पुढचे सहसा कोणी सांगत नाही. कॅप्टन राइट यांनी शिपायांना विचारले तेव्हा त्यांनी नुसती तक्रार केली नाही, उपाय सुचवला : मेण आणि तेल, काम भागेल अशा प्रमाणात. फॉरेस्टने १८९३ मध्ये छापलेल्या लष्करी कागदपत्रांत हे वाचले, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. धर्म बाजूला ठेवून केवळ वंगण म्हणून पाहिले, तरी ते सरकारी मिश्रणापेक्षा सरस होते.

सरकारनेही ते मान्य केले, आणि लवकर. २७ जानेवारीला हुकूम निघाला, की शिपायांना कोरी काडतुसे द्यावीत आणि वंगण त्यांचे त्यांनी लावावे. पण तेवढ्यात मीरतेहून अॅडज्युटंट जनरलची तार आली, की काही पलटणी वर्षानुवर्षे मेंढीची चरबी आणि मेण बिनतक्रार वापरत आहेत, आता सवलत दिली तर उलट त्यांच्याच मनात शंका येईल. आणि शंका तोवर वंगणावरून कागदावर सरकलीच होती. फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपाई सांगत होते, की नवा कागद चिवट आहे, चकाकतो, जाळला तर चरचरतो. वंगण बदलता येते; पण ज्याच्या हातून ते आले त्याच्यावरचा विश्वास उडाला, की कोरा कागदही तुपकट दिसू लागतो. मार्चमध्ये काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायत आली, तीही उशिरा.

त्याच मार्चमध्ये सरसेनापती अॅन्सन यांनी अंबाल्याला ही काडतुसे प्रथम नीट पाहिली. गव्हर्नर जनरलना त्यांनी लिहिले, की शिपायांच्या आक्षेपाचे आता फारसे नवल वाटत नाही. वंगण इतके थापलेले आहे, हुबेहूब चरबीसारखे दिसते आणि गोळी ठासली की नळीचे तोंड त्याने माखते. सैन्याचा मुख्य माणूस काडतूस पाहतो कधी, तर गदारोळाला दोन महिने झाल्यावर. आमच्याकडे याला 'मशीन बसल्यावर मॅन्युअल उघडणे' म्हणतात.

२४ एप्रिलला मीरतेत तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे घ्यायचे नाकारले. ती एन्फिल्डची नव्हतीच, नेहमीच्या वापरातली जुनी होती. ९ मे रोजी भर मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

त्याच सुमारास वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्येही काडतुसांची हकिकत येते, वाटेत कानावर पडलेली.

बंड मोडल्यावर थोड्याच वर्षांत इंग्रजांनी एन्फिल्डची गोळी आणखी थोडी बारीक केली आणि वंगणातून चरबी जवळजवळ काढून टाकली. उष्ण हवेत ती खराब होते, असा त्यांचा अनुभव होता. तिच्या जागी मधमाश्यांचे मेण आले. हा बदल त्यांच्या स्वतःच्या गोऱ्या सैनिकांसाठीही होता.