ऑडिओ पॅनेल (विमानातील)
कॉकपिटमधील रेडिओ, दिशादर्शक उपकरणे व इंटरकॉम यांचे आवाज हेडसेटपर्यंत पोहोचवणारा नियंत्रणफलक. कोणत्या रेडिओवरून बोलायचे आणि कोणता ऐकायचा, यांची बटणे वेगळी असतात. त्यामुळे कॉम १ या रेडिओवर नियंत्रण कक्षाशी बोलताना कॉम २ वर १२१.५ मेगाहर्ट्‌झ ही आणीबाणीची वारंवारता ऐकता येते. दिशादर्शक केंद्राची ओळखही त्याचा मोर्स संकेत येथे ऐकून पटवता येते. ओळख पटवण्याची ही पायरी कधीही गाळू नये. इंटरकॉम सहसा बोलताच आपोआप सुरू होतो. त्याचा स्क्वेल्च (नको असलेला आवाज रोखणारी मर्यादा) इंजिनाचा गोंगाट जेमतेम थांबेल इतकाच ठेवावा, अन्यथा पहिले शब्द तुटतात. ‘आयसोलेट’ स्थितीत प्रवाशांच्या गप्पा वैमानिकाला ऐकू येत नाहीत. गार्मिन जीएमए ३४० सारख्या पॅनेलमध्ये वीजपुरवठा खंडित झाल्यास वैमानिकाचा हेडसेट थेट कॉम १ ला जोडला जातो.